महाग वस्ती आणि सरकारी घरभाडें

१ डिसेंबर १९४२ रोजीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, लंडनमध्यें एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो विकत घेण्यासाठीं लोकांनीं रांगा लावल्या. अहवालाचे कर्ते सर विल्यम बेव्हरिज. त्यांचा जन्म १८७९ सालीं बंगालमधील रंगपूर येथें झाला होता. वडील तेथें न्यायखात्यांत अधिकारी होते. आजार, बेकारी, वार्धक्य यांपैकीं कोणतेंही संकट आलें तरी कुटुंबाला पोटापुरती रक्कम हक्कानें मिळावी, ही त्यांची योजना. अन्न, वस्त्र, सर्पण यांचा हिशेब त्यांनीं शिलिंग-पेन्सांत बसविला. परंतु एका बाबीपाशीं त्यांची लेखणी अडली. ती बाब म्हणजे घरभाडें.

पाव लंडनमध्यें घ्या कीं ग्लासगोंत, किंमतींत फारसें अंतर पडत नाहीं. भाड्याचें तसें नव्हे. तेंच घर एका गांवीं स्वस्त, तर दुसऱ्या गांवीं दुप्पट. एकाच गल्लींतील दोन बिऱ्हाडांचें भाडेंही निराळें. शिवाय हात आखडला म्हणून माणूस एक घास कमी खाऊं शकतो. एक खोली कमी करून त्याला चालूं महिन्याचें भाडें कमी करतां येत नाहीं. सर्वांना सारखी रक्कम द्यावी, तर स्वस्त गांवीं ती उरते आणि लंडनमध्यें ती पोटाला चिमटा घेऊनही पुरत नाहीं. प्रत्यक्ष भाडें द्यावें, तर सारखीच वर्गणी भरणाऱ्या दोघांपैकीं महाग घरांत राहणाऱ्याला अधिक मिळतें. अखेर बेव्हरिज यांनीं कुटुंबामागें आठवड्यास सरासरी १० शिलिंग हा आंकडा धरला आणि हा प्रश्न समाधानकारक रीतीनें सुटलेला नाहीं, हें लपविलें नाहीं. १९४८ पासून ज्यांना विम्याची रक्कम पुरत नसे त्यांच्यासाठीं स्वतंत्र साहाय्य सुरू झालें; त्यांत मात्र प्रत्यक्ष भाडें देण्यांत येऊं लागलें. अट एकच : भाडें ‘वाजवी’ असावें. पुढील सारा वाद या एका शब्दाभोंवतीं फिरला आहे.

कित्येक वर्षें हा शब्द निद्रिस्त राहिला, कारण ब्रिटनमध्यें भाडेंच मुळीं मोकाट नव्हतें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, तेथें भाडेवाढीस कायद्यानें आळा घातला गेला होता. शिवाय नगरपालिकांनीं लाखों घरें बांधून तीं माफक भाड्यानें दिलीं होतीं. मुंबईकरांना यांतील पहिला मार्ग परिचयाचा आहे. मुंबईंत १९१८ सालीं युद्धकालीन भाडेनियंत्रण आलें आणि १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें हें प्रमाण ठरविलें. त्यामुळें जमिनीचे भाव आकाशाला भिडले तरी गिरगांवांतील कारकून गिरगांवांतच राहूं शकला. म्हणजे महाग वस्तींत राहण्याचें साहाय्य मुंबईनेंही दिलें. फक्त तें खजिन्यांतून न देतां घरमालकाच्या खिशांतून दिलें. त्याची किंमतही मोजावी लागली : चाळींची डागडुजी थांबली, आणि नव्यानें घर शोधणाऱ्याच्या वाट्याला पागडी आली.

ब्रिटननें १९८० नंतर दिशा बदलली. नगरपालिकांचीं घरें भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क मिळाला, नवीं घरें पुरेशीं बांधलीं गेलीं नाहींत, आणि १९८८ च्या कायद्यानें खासगी घरांच्या नव्या करारांवरील भाडेनियंत्रण उठलें. घर स्वस्त ठेवण्याऐवजीं भाडेकरूला पैसे द्यावयाचे, अशी नीति ठरली. साहजिकच बाजार जेवढें मागेल तेवढा भार खजिन्यावर येऊं लागला. २००८ सालीं खासगी भाडेकरूंसाठीं देशभर एक नियम झाला. एखाद्या भागांतील शंभर घरें भाड्याच्या चढत्या क्रमानें मांडलीं, तर मधल्या, म्हणजे पन्नासाव्या, घराचें भाडें हीच साहाय्याची मर्यादा. नियम सुटसुटीत होता. परंतु मध्य लंडनमधील मधलें घरही अतोनात महाग! पांच शयनखोल्यांच्या घराची तेथील मर्यादा आठवड्याला २,००० पौंडांवर पोंचली. जून २०१० मध्यें अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, कांहीं कुटुंबांना वर्षाला १,०४,००० पौंड भाडें-साहाय्य मिळत आहे. अशीं कुटुंबें मूठभर होतीं, परंतु आंकडा सर्वांच्या तोंडीं झाला.

२०११ पासून मर्यादा पन्नासाव्या घरावरून तिसाव्या घरावर आणली गेली. शिवाय, कोणत्याही वस्तींत आठवड्याला ४०० पौंडांहून अधिक देऊं नये, असें ठरलें. २०१३ सालीं निरुद्योगी कुटुंबाच्या एकंदर साहाय्यालाच वर्षाला २६,००० पौंडांची मर्यादा पडली.

या धोरणाचा युक्तिवाद दुबळा नाहीं. जो कामकरी स्वतःच्या कमाईवर शहराबाहेर राहून रोज दीड तास प्रवास करतो, त्याच्या करांतून दुसऱ्यानें शहराच्या मध्यभागीं कां राहावें? सरकार वाटेल तें भाडें देतें, हें कळल्यावर घरमालक तरी भाडें कां उतरवील?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हें साहाय्य केवळ बेकारांना मिळत नसे. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्यांनाही मिळे. पहांटे कचेऱ्या झाडणारे व रुग्णालयांत रात्रपाळी करणारे यांना शहराबाहेर घालविलें, तर शहराचें काम कोण करणार? ज्या दूरच्या गांवीं घरें स्वस्त असतात, तेथें बहुधा रोजगारही तुटपुंजा असतो. किंबहुना घरें स्वस्त असण्याचें तेंच एक कारण असतें. लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन हे सत्ताधारी पक्षाचेच. तरीही गरिबांची शहरांतून अशी हकालपट्टी आपण होऊं देणार नाहीं, असें त्यांनीं २०१० सालीं कडक शब्दांत बजावलें होतें.

या वादांतील आंकड्यांमागें माणसें आहेत. साहाय्य घटल्यामुळें लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागांतील घर सोडावें लागलेल्या एका मातेला नगरपालिकेनें सुमारें ऐंशी किलोमीटरवर, मिल्टन कीन्सजवळ, घर देऊं केलें. मुलांची शाळा आणि अडीअडचणीला धांवून येणाऱ्या मैत्रिणी तुटतील, म्हणून तिनें तें नाकारलें. तेव्हां आपली जबाबदारी संपली, असें नगरपालिका म्हणाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. शक्य तोंवर स्वतःच्या हद्दींत, आणि तें अशक्य असेल तर होईल तितक्या जवळ घर देणें हें नगरपालिकेचें कर्तव्य आहे; दूर पाठवावयाचें तर त्याचीं कारणें दाखविलीं पाहिजेत, असा निर्णय २०१५ सालीं एकमतानें झाला.

साहाय्य घटविल्यानें भाडीं उतरलीं काय? सरकारनेंच करविलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें कपातीचा जवळजवळ नऊ दशांश भार भाडेकरूंवर पडला. घरमालकांनीं सोसला तो अगदीं थोडा. टंचाई असेल तेथें घरमालकाला दुसरा भाडेकरू मिळतो, भाडेकरूला दुसरें घर मिळत नाहीं.

वस्तीचें मोल तरी किती, याचा पडताळा अमेरिकेंत पाहावयास मिळतो. १९९४ पासून पांच शहरांत सुमारें ४,६०० गरीब कुटुंबांवर एक प्रयोग झाला. त्यांतील कांहींना, सोडतीनें निवड करून, कमी दारिद्र्याच्या वस्तींत जाण्यासाठीं भाड्याचीं पत्रें देण्यांत आलीं. तेरा वर्षांच्या आंत अशा वस्तींत गेलेलीं मुलें मोठेपणीं इतरांपेक्षां सुमारें ३१ टक्के अधिक कमावूं लागलीं, असें २०१५ सालच्या संशोधनांत दिसलें. जीं त्याहून मोठ्या वयांत गेलीं त्यांना मात्र असा लाभ झाला नाहीं. डॅलसमध्यें २०११ सालीं सबंध शहरासाठीं एकच मर्यादा न ठेवतां टपाल-विभागवार मर्यादा ठरविली गेली. चांगल्या विभागांत ती वाढली, हलक्या विभागांत उतरली. भाडेकरू चांगल्या वस्त्यांत जाऊं लागले आणि एकंदर खर्च फारसा वाढला नाहीं.

यावरून ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ लावतां येतो. प्रतिष्ठित रस्त्यावरील पत्ता मिळावा, असा हक्क कोणाचाच नाहीं. म्हणून मर्यादा हवीच. परंतु काम, शाळा व आप्तस्नेही यांच्या आटोक्यांत साधें घर मिळणें ही चैन नव्हे. मर्यादा त्या त्या भागांतील साध्या घराच्या प्रत्यक्ष भाड्यावर ठरावी आणि भाड्याबरोबर दरसाल हालावी. ब्रिटनमध्यें हेंच चुकत आलें. २०२० सालीं मर्यादा पुन्हा तिसाव्या घरावर आणली आणि त्याच आंकड्यावर चार वर्षें गोठविली. २०२४ सालीं ती पुन्हा वर आणावी लागली. कायद्यांत तिसावें घर म्हणावें आणि प्रत्यक्षांत तें हातीं लागूं नये, ही काटकसर नव्हे, दिलेला शब्द मोडणें होय.

आणि घरें पुरेशीं नसतील, तर उदार साहाय्य घरमालकाकडे जाईल व कंजूष साहाय्य भाडेकरूला देशोधडीस लावील. १९४२ सालीं बेव्हरिज यांची लेखणी जेथें अडली, तेथून पुढें जाण्याची वाट केवळ हिशेबाच्या वहींतून जात नाहीं. तिला विटा आणि चुनाही लागतो.