समुद्रातलं वडाप आणि तळाचा मासा

राधानगरीच्या धरणात पडलेला पावसाचा थेंब भोगावती, पंचगंगा, कृष्णा असा सारा मुलूख फिरून बंगालच्या उपसागराला मिळतो. अरबी समुद्र मात्र आपल्या उशालाच आहे. सरळ रेषेत मोजलं तर सत्तर किलोमीटरच्या आत. दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरला, कणकवली मागे टाकली की सकाळच्या चहाला निघालेला माणूस जेवणवेळेच्या बऱ्याच आधी मालवणच्या धक्क्यावर उभा असतो. तरीही आपल्याकडचा माणूस मालवणला जातो, सिंधुदुर्ग किल्ला बघतो, मासे खातो आणि परत येतो. तो मासा कुठून, कसा आला हे बघायला समुद्रात कोणी जात नाही.

आता ती सोय झाली आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूला काही होडीवाले पाहुण्यांना गळाने मासे धरायला नेतात. त्याला तिकडे गरवायला जाणं म्हणतात. गळाला ते गरी म्हणतात, त्यावरून हा शब्द. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशा बोटींचा मोठा धंदा आहे. तिथे माणशी भाडं घेऊन अनोळखी माणसांना एकाच बोटीत बसवतात आणि दिवसभर तळाचे मासे धरून संध्याकाळी परत आणतात. माणशी पैसे म्हणून तिला 'हेड बोट' असंही नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर समुद्रातलं वडापच. पण वडापची एक खोड समुद्रात चालत नाही, ती पुढे सांगतो.

आमच्या भागातले चौदा शेतकरी आणि मी, असे पंधरा जण फेब्रुवारीत गेलो होतो. उसाच्या तोडी बऱ्यापैकी उरकल्या होत्या. सहलीचा बेत गटातल्याच एका तरण्या पोराचा. बाकीच्यांत भोगावतीच्या डोहावर गांडूळ लावून तासन् तास बसणारे तिघे होते, त्यांचा उत्साह दांडगा. "मरळ काढलीय आम्ही, समुद्राचा मासा काय अवघड?" असा त्यांचा सूर.

पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर पोचलो. इतक्या लवकर का, तर त्याचं कारण वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हा वारा असेपर्यंत किनाऱ्याजवळचं पाणी बहुधा शांत असतं. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उलटतो, खारा वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं. गळाचं सगळं काम या दोन वाऱ्यांच्या मधल्या वेळात उरकायचं असतं. तिथीही बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ इतकी की शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंद. तळाच्या मासेमारीला तो बरा. आपण पेरणीला नक्षत्र बघतो, ते गरीला तिथी बघतात.

पहिली खडाखडी झाली ती माणसांच्या संख्येवरून. होडीवर दहा प्रवाशांचा परवाना, आम्ही पंधरा. आमचं म्हणणं, "थोडं दाटीनं बसू की, सवय हाय आम्हाला." तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, पन्नाशीचा माणूस. त्यानं एकाच वाक्यात विषय संपवला, "दहाचो परवानो आसा, अकरावो घेणार नाय." दुसरी होडी करावी लागली आणि माणशी खर्च वाढला. दोन-तीन जण कुरकुरले. मला तांडेलाचं पटलं आणि तुम्हालाही पटावं म्हणून सांगतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून परतणारी बोट उलटली. बोटीत वीस जण होते, त्यातले दोघे गेले. हंगामाचे शेवटचे दिवस, पाण्यात जोर वाढलेला. जीपचा टायर फुटला तर आपण रस्त्याच्या कडेला उतरतो. समुद्राला कडा नाही.

म्हणून होडी ठरवताना तीन गोष्टी तोंडाने विचारा, लाजू नका. प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? हा परवाना महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड देतं. किती माणसांचा आहे? आणि प्रत्येकाला अंगाचं जीवरक्षक जाकीट आहे का? जाकीट बाकाखाली ठेवण्यासाठी नसतं. आमच्यातले दोघे फोटो काढायला ते उतरवून बसले, तेव्हा खलाशानं इंजिन बंद केलं आणि जाकीट घातल्यावरच पुन्हा चालू केलं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे, तो फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

किल्ला मागे पडल्यावर तांडेल सारखा किनाऱ्याकडे वळून बघत होता. मला वाटलं काही विसरला. तो जागा शोधत होता. एका बाजूला किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागची डोंगराची कड एका रेषेत यायला हवी, दुसऱ्या बाजूला दोन ठरावीक खुणा एकमेकींमागे लपायला हव्यात. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे पाण्याखाली खडप आहे. खडप म्हणजे बुडालेला कातळ. आता जीपीएस यंत्रं आली आहेत, पण त्याच्या बापानं शिकवलेल्या खुणा त्याला पाठ. आपला म्हातारा बांधावर उभं राहून शेताची हद्द सांगतो, तसलंच हे.

किल्ल्याच्या लगतच्या पाण्यात त्यानं गळ टाकू दिला नाही. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर केलेलं आहे, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा अधिक कडक. दाजीपूरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना अभयारण्य म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथल्या मच्छीमारांच्याही त्याबद्दल तक्रारी आहेत, आपल्यासारख्याच.

जागेवर पोचल्यावर खलाशानं नांगर टाकला. हो, त्यालाही नांगरच म्हणतात. आपला नांगर जमीन उलथतो, त्यांचा नांगर ती घट्ट धरून ठेवतो. पाणी दहा-बारा वाव होतं. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, साधारण सहा फूट. दोरी ओढताना हातानंच मोजायचं.

सामान अगदी साधं. तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. तिच्या टोकाला शिसं, आणि शिशाच्या वर वीत-दीड वीत अंतरावर आखूड फांद्यांसारखे दोन गळ. शिसं तळावर बसतं आणि गळ तळाच्या किंचित वर तरंगतात. चारा म्हणून सुंगटं म्हणजे कोळंबी, माकलाचे पट्टे किंवा बांगड्याचे तुकडे. माकूल चिवट, मासा टोचे मारून तो सहज पळवू शकत नाही, म्हणून नवख्याला माकूल द्यायचं. शिसं तांडेलानं मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीनं बांधलं होतं. का, ते पहिल्या अर्ध्या तासात कळलं. शिसं खडपाच्या कपारीत अडकतं. जोरात ओढलं की ती बारीक दोरी तुटते, शिसं जातं, पण गळ आणि मासा वर येतो. तोटा कुठे सोसायचा हे आधी ठरवून ठेवलेलं! आपण पीक घेताना असा विचार किती वेळा करतो, मला शंका आहे.

भोगावतीच्या डोहावरचे आमचे तिन्ही पटाईत सपशेल हरले. डोहात बूड हललं की झटका द्यायचा, ही त्यांची सवय. इथे बूडच नाही, सगळं काम तर्जनीच्या पेरावर. दोरी बोटावरून सोडलेली असते, तळ लागला की ती ढिली पडते. तांडेल सांगत होता, "तळ लागांदे, मगे वीतभर वर घे नि गप रव." बारीक टोच येते, मग दुसरी. घाई केली की चारा गेला. खरी ओढ आली की हात सलग वर न्यायचा आणि दोरी ढिली न पडू देता ओढत राहायचं, कारण तळाचा मासा पहिल्या दोन हातांत कपारीत शिरतो. शिरला की गेलाच. बोट कापू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेरावर चढवतात.

पहिली ओरड आमच्यातल्या सर्वांत गप्प माणसाची, दूध संकलनाचं काम बघणाऱ्याची. "लागला, लागला!" सगळे त्याच्या बाजूला धावले आणि होडी कलली. तांडेल ओरडला, "बाबांनू, सगळे एका बाजूक येव नकात, वायच बसान घेवा!" वर आली ती लालबुंद तांबोशी, किलोभराची असेल. मग राणी मासे आले, दोन हेकरू आले. हेकरूला तिकडे गोबराही म्हणतात. एकाला शेंगाळा लागला आणि तो हातानं सोडवायला गेला, तेव्हा खलाशानं त्याचं मनगटच धरलं. शेंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवती काटे असतात, ते विषारी असतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि दवाखाना गाठावा. फुगणारा केंड मासा लागला तर टाकून द्या, कोणी कितीही चव सांगितली तरी. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

हेकरूबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण यात आपल्या कामाचं आहे. हा मासा सावकाश वाढतो. बहुतेक जातींत तो आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे खडपावरचे मोठे मोठे मासे निवडून काढले, तर नरच संपतात. वळू विकून गाई राखण्यासारखं. तांबोशीचं वेगळं, तिच्यात मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी देते. लहान मासा सोडावा म्हटलं तर तिथेही मेख आहे. खोल पाण्यातून झटकन वर ओढला की दाब कमी होऊन माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. तो पाण्यात सोडला तरी वरच तरंगतो आणि घारी त्याला उचलतात. म्हणून सुरुवातीलाच मोठा गळ वापरावा, लहान तोंडाला तो लागतच नाही. पुरेसे मासे मिळाले की थांबावं. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

साडेदहाच्या सुमारास गंमत ऐन रंगात असताना तांडेलानं पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वारो फिरलो. आता गुंडाळा." आम्हाला काहीच दिसत नव्हतं. ठरलं होतं बारापर्यंत, पैसे दिले होते बारापर्यंतचे. वाद झाला. एक जण तर "दीड तासाचे पैसे परत द्या" इथपर्यंत आला. तांडेलानं वाद घातलाच नाही, नांगर ओढायला लावला. परतताना पाऊण वाटेत पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले, होडी आपटायला लागली आणि पैसे मागणारा गडी सगळ्यांत आधी आडवा झाला. त्याला बोट लागली होती. (बोट लागण्याचा त्रास असेल तर उपाशी जाऊ नये, तेलकटही खाऊ नये. इंजिनाच्या धुराजवळ बसू नये, नजर लांब क्षितिजावर ठेवावी. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.)

किनाऱ्यावर चहा पिताना तांडेल बोलायला लागला. पाहुणे नेण्याचा धंदा त्यानं हौसेनं धरलेला नाही. मासा कमी झाला. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. तरी रात्री लांब समुद्रात उजेड दिसतो असं त्याचं म्हणणं. पावसाळ्यात, आपल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात त्या दिवसांत, तिकडे मासेमारी बंद आणि होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या. उत्पन्नात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. डिझेलच्या परताव्याची वाट तो बघतो, जशी आपण उसाच्या बिलाची. पाहुणे मात्र रोख देतात, आणि गळाला जाळ्याइतका मासा मारावा लागत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतीप्रमाणे सवलतींचा हा निर्णय आहे. किसान क्रेडिट कार्ड तर २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून मत्स्यव्यवसायासाठीही खुलं झालं. आपल्या तालुक्यात शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. केवळ समुद्रावरच्यांसाठीची ही बाब नाही. बँकेत अर्ज करताना सात-बारा, तळ्याचं माप आणि बीज खरेदीच्या पावत्या बरोबर ठेवा.

आमचे मासे निघाले एकूण एकवीस, दोन्ही होड्या मिळून. गावाकडं मटणाचे घालतात तसे किनाऱ्यावरच्या वाळूत पंधरा वाटे घातले. एकानं पाठ करून "हा कुणाचा?" ला नावं सांगितली. दूधवाल्याच्या वाट्याला त्याची तांबोशी आली नाही, त्याबद्दल तो अजून बोलतो. मासे घाटावर आणायचे तर कल्ले आणि आतडी तिथेच काढून घ्या, डब्यात एक थर बर्फ एक थर मासा असा भरा, जितका मासा तितकाच बर्फ, आणि वितळलेलं पाणी निथळायला भोक ठेवा. पाण्यात बसलेला मासा फोंडा घाटातच वास मारायला लागतो. तिरफळ आणि कोकम तिकडूनच घेऊन या. आमच्यातल्या एका घरी तांबड्या रश्शाच्या मसाल्यात हेकरू शिजवला, तोही वाईट झाला नव्हता.