चोवीस तास जागं राहणारं कोठार

घरात चोवीस तास चालू राहणारी उपकरणं किती, याची एकदा मोजदाद करून पाहा. फ्रिज, आणि फार तर वाय-फायचा राउटर. बाकी सगळ्यांना आपण बटण दाबून झोपवतो. घरगुती सर्व्हर आणायचा म्हणजे या जागणाऱ्यांत आणखी एकाची भर. म्हणून तो धावतो किती, यापेक्षा नुसता बसून खातो किती, हे आधी विचारावं.

हिशेब सोपा आहे. एक वॉट वर्षभर अखंड जळला की पावणेनऊ युनिट होतात. जुना डेस्कटॉप काहीही न करता ६० वॉट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट. तेच काम २० वॉटमध्ये भागलं तर १७५. उरलेल्या ३५० युनिटांना आपल्या बिलावरचा दर लावा. जुनं यंत्र फुकट पडत नाही, हे कळेल.

कवीला असल्या यंत्राचं काय काम, असं मित्र विचारतात. माझ्याकडे मुशायऱ्यांच्या, कविसंमेलनांच्या कॅसेट्स आहेत, वह्या आहेत आणि अम्मीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. अम्मी आता नाही. त्या ओव्या तशा पुन्हा कुणी म्हणणार नाही. सीडीच्या दर्जाचा तासभराचा आवाज सुमारे ६३५ एमबी होतो. अशा २०० कॅसेट्स धरल्या तरी १२७ जीबी. जागा अडते ती चित्रपटांनी, आणि चित्रपट पुन्हा मिळतात. जे पुन्हा मिळणार नाही ते बहुधा थोडं असतं. त्याची यादी आधी करा, मग बाजारात जा.

आता त्याच यंत्रावर संगणकाचे प्रयोगही करायचे, तर व्हर्च्युअलायझेशन लागतं. म्हणजे एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं. यंत्र एकच, पण आत प्रत्येकाची प्रणाली वेगळी; एक कोसळली तरी शेजाऱ्याला धक्का नाही. कल्पना नवी नव्हे, आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० मोठ्या संगणकांसाठी आणली होती. आज प्रॉक्समॉक्ससारखी मोफत प्रणाली घरमालकाचं काम करते.

अशा वाड्यात टंचाई पडते ती प्रोसेसरची नव्हे, मेमरीची. छोट्या बिऱ्हाडाला दोन ते चार जीबी धरा, मालकाला दोन, कोठाराला वेगळी. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, ६ वॉट वर्गातला प्रोसेसर; पण त्याची अधिकृत मर्यादा १६ जीबी. दोन-तीन बिऱ्हाडांना पुरे. जास्त हवी असतील तर ३२ जीबी किंवा अधिक घेणारा बोर्ड निवडा. बोर्डावर डिस्कसाठी सॅटा जोडण्या किती, हेही मोजा. मिनी पीसीत मोठ्या डिस्कला सहसा जागाच नसते.

फिरणारी मोठी हार्ड डिस्क काम नसतानाही चार-पाच वॉट घेते. म्हणून लहान लहान चार डिस्कपेक्षा मोठ्या दोन बऱ्या. बिऱ्हाडं एसएसडीवर ठेवा, ती वीज कमी घेते आणि चटकन जागी होते.

दोन डिस्कवर एकच मजकूर आरशासारखा ठेवता येतो. एक डिस्क मेली तर दुसरी तारते. मात्र आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसली, की आरशातूनही ती त्याच क्षणी जाते. चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून त्या थोड्या, अमोल गोष्टींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे, हवीच. वर्षातून एकदा ती उघडून, ऐकून पाहावी.

वीज जाण्याचा भरवसा आपल्याकडे पक्का आहे. तेव्हा यूपीएस असा घ्या की जो यूएसबीच्या तारेने सर्व्हरला निरोप देईल आणि बॅटरी संपण्याआधी त्याला नीट बंद होऊ देईल.

थोडक्यात, खरेदीचा क्रम असा: आधी यादी, मग बाहेरच्या प्रतीची डिस्क, मग यूपीएस, आणि शेवटी प्रोसेसर. दुकानदार उलटा क्रम सांगेल. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. ओव्या मात्र आपल्या आहेत.