बॉनेटवरचं जहाज

खंडेनवमीला यवतमाळात आजही गाड्या धुतल्या जातात. आर्णी रोडवर, दारव्हा रोडवर वॉशिंग सेंटरसमोर सकाळपासून रांग लागते. फवाऱ्याची बंदूक, पांढरा फेस, पुन्हा फवारा, वरून एक चकाकीचा हात, आणि वीस मिनिटांत गाडी बाहेर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला की झालं. यात वाईट काही नाही. लोकांना कामं आहेत, आणि गाड्याही आता अशा रंगाच्या येतात की त्यांना फारसं काही मागावं लागत नाही. पण एके काळी हेच काम तीन-तीन दिवस चालायचं, आणि ते बहुतेक घरांत तेरा ते अठरा वयाच्या पोरांकडे असायचं.

यवतमाळसारख्या आडगावी तेव्हा मोठमोठ्या मोटारी कशा, असा प्रश्न आजच्या मुलांना पडेल. उत्तर एका शब्दाचं आहे: कापूस. या जिल्ह्याच्या काळ्या मातीतला कापूस इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी होऊन शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जायचा. ज्या वर्षी भाव चांगला, त्या वर्षी जिनवाल्यांच्या दारात मोटार यायची. ती बहुधा अमेरिकन असायची. जनरल मोटर्सनं 1928 सालीच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या. डुक्कर फियाट आणि अँबॅसडर हे नंतरचे पाहुणे.

आमची गाडी 1950 सालची प्लायमाउथ होती. ‘आमची’ म्हणजे, बाबा ती चालवायचे. मालक एक जिनवाले शेठजी. पण आमच्या घरात तिचा उल्लेख कायम ‘आपली गाडी’ असाच व्हायचा, आणि शेठजींनी तो कधी खोडला नाही. रंग गडद हिरवा, सहा सिलिंडर, पुढं क्रोमचं भलंमोठं जाळीदार तोंड आणि बॉनेटच्या टोकाला एक छोटंसं शिडाचं जहाज. 1620 साली इंग्लंडमधून माणसं घेऊन अमेरिकेला गेलेलं ‘मेफ्लॉवर’ ते हेच, हे मला पुढं कॉलेजात कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात एक जहाज आहे आणि दर रविवारी ते पुसणं आपल्या वाट्याला आलं आहे.

मी तिच्या हाताखाली आलो तेव्हा तिचे चांगले दिवस संपले होते. 1972 च्या हंगामापासून राज्य सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्यानं कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्यानं मध्ये यायचं नाही. जिनं बंद पडली नाहीत, पण मालक आता सरकारच्या कापसाची रुई मजुरीवर काढून देऊ लागले. पुढच्याच वर्षी अरबांनी तेल रोखलं, पेट्रोल भडकलं, आणि लिटरला सहा-सात किलोमीटर जाणारी गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती झाली. नवी छोटी गाडी घ्यावी, तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. म्हणून प्लायमाउथ लाकडी ठोकळ्यांवर चढली. आठवड्यातून एकदा बॅटरी मरू नये म्हणून सुरू करायची, आणि पुसायची. चालत नसलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त काम मागते, हे तेव्हा समजलं.

कामाला रीत होती. जिन चालू असताना, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पॉलिशला हात लावायचा नाही. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, ओल्या मेणावर बसले की गाडीला लव फुटल्यासारखी दिसते. मेणाचे हंगाम दोनच: मे महिना आणि दसऱ्याआधीचे दिवस. मेमध्ये पाण्याची बोंब. यवतमाळकरांना ते सांगायला नको. जिनच्या आवारात आगीसाठी राखलेला हौद होता, त्यातून मोजून दोन बादल्या मिळायच्या. पहिली बादली फक्त धूळ वाहून नेण्यासाठी. कोरड्या गाडीवर फडकं फिरवणारा माणूस बाबांच्या लेखी गुन्हेगार होता, कारण धुळीतला प्रत्येक कण रंगावर रेघ ओढतो. कपड्याचा सोडा वर्ज्य. तो मळाबरोबर जुनं मेणही घेऊन जातो.

मग रबिंग कंपाउंड. गाडीला मध्यंतरी नागपुरात नवा रंग मारून आणला होता, आपल्याकडे ज्याला सरसकट ‘ड्युको’ म्हणत तो. हा रंग सुरेख चकाकतो, पण उन्हात त्याचा वरचा पापुद्रा मरतो आणि खडूसारखा पांढुरका होतो. कंपाउंडमधली बारीक भुकटी तो मेलेला थर खरवडून काढते आणि खालचा जिवंत रंग वर येतो. फडकं हिरवं झालं की मला आनंद व्हायचा, बाबांना काळजी. कारण तो हिरवा म्हणजे गाडीच होती. दरवर्षी थोडी थोडी फडक्यावर उतरणारी. म्हणून कंपाउंड वर्षातून एकदाच आणि दरवाजांच्या कडांना अजिबात नाही. तिथं रंग मुळातच पातळ.

मेण मात्र कितीही. विकतच्या चपट्या डब्यातल्या पॉलिशमध्ये ब्राझीलच्या कार्नोबा नावाच्या ताडाचं मेण असतं. तो झाड कोरड्या मुलखातलं. पानातलं पाणी उडू नये म्हणून ते स्वतःलाच मेणाचा लेप देतं. डबा महाग, म्हणून बाबा स्वतःचं पॉलिशही करायचे: आठवडी बाजारात मिळणारं मधाच्या पोळ्याचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, चूल विझवायची, मग लांब नेऊन टर्पेंटाइन घालायचं. वास असा की आजही कुठं टर्पेंटाइन उघडलं तर मी चौदा वर्षांचा होतो. पण पोळ्याच्या मेणात एक खोट आहे. ते साधारण 63 अंशांना वितळतं, कार्नोबा 80 च्या वर. आमच्याकडे मेमध्ये हवाच 44-45 अंशांची. उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढं जातो. मग घरचं मेण चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. म्हणून घरचं मेण पावसाळ्यापुरतं आणि दारांच्या आतल्या बाजूंना, आणि टप-बॉनेटला डब्यातलं. हे गणित बाबांनी पुस्तकात वाचलं नव्हतं.

जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचा. नवं कापड चालत नाही, त्यातली खळ रेघा पाडते. बोटाच्या टोकाएवढं मेण, सावलीत, गार पत्र्यावर, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. मी गोल गोल घासू लागलो की मागून आवाज यायचा, “अबे, भांडं घासून राह्यला काय? हात हलका ठेव.” धुरकट साय धरली की कोरड्या धोतरानं पुसून काढायची, आणि शेवटी ओंजळभर पाणी शिंपडायचं. “पानी गोळा झालं तं मेन हाये. पसरलं तं गेलं.” झाली परीक्षा.

वरची चकाकी लोकांना दिसायची. खरं काम खाली होतं. काळी माती मडगार्डच्या आत लिंपल्यासारखी बसते आणि आठवडाभर ओल धरते. पत्रा तिथून आतल्या आत सडतो. बांबूच्या काडीनं ती माती कोरून काढायची, पाटे आणि चासीला जुनं इंजिन ऑइल ब्रशनं फासायचं. अंगावरचे ते डाग आई रॉकेलनं काढायची आणि काढताना गाडीला, बाबांना आणि मला एकाच वाक्यात बोलायची.

मामा राळेगावच्या बाजूला आठ एकर कापूस करायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे असायचो. त्या संध्याकाळी बैलाचा खांदा, जिथं वर्षभर जू घासतं ती जागा, हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकायची. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, हे सगळं दुसऱ्या दिवशी, लोकांसाठी. खांदशेकणी बैलासाठी. बाबा एरवी शेतीच्या कामाला हात लावत नसत, पण खांदा शेकायला ते पुढं असायचे.

आणि याच मामांचं नि बाबांचं कापसावरून जमायचं नाही. मामांना एकाधिकार योजना म्हणजे सुटका वाटली होती. काट्यात मारणारा, भाव पाडणारा अडत्या एकदाचा दूर झाला. बाबांचा पगार त्या अडत्या-व्यापाऱ्यांच्या जगातून यायचा. आईला दोघांनाही जेवायला वाढायचं असायचं. कोणाचं बरोबर, याचा निकाल मला आजही देता येत नाही. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, चुकारे रखडले, तेव्हा मामाही गप्प झाले. आणि शेठजींच्या काट्याबद्दल बाबा कधीच काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ मला उशिरा लागला.

1978 च्या मे महिन्यात शेठजी म्हणाले, “उस्ताद, गाडी जरा चमकवून द्या. मुंबईचा माणूस येतोय.” एवढंच. मी सतरा वर्षांचा होतो. तीन दिवस आम्ही दोघं राबलो. असं पॉलिश त्या गाडीला आधी कधी झालं नव्हतं. जहाजाची शिडं मी दातकोरणीला मलमल गुंडाळून आतून साफ केली. जितकी चमकेल तितकी लवकर जाईल, आणि ती गेली की ड्रायव्हर कशाला, हे दोघांनाही ठाऊक होतं. कोणी बोललं नाही.

गिऱ्हाईक आलं, फिरून पाहिलं, खूश झालं. शेठजी भाव सांगणार, तोच बाबा मागच्या डाव्या चाकापाशी बसले आणि मडगार्डच्या आत हात घालून म्हणाले, “साहेब, इथं आतून खाल्ली हाये. पावसाच्या आधी पाहून घेजा.” वरून काही दिसत नव्हतं, रंग धड होता. सौदा झाला, पण त्या वाक्यानं भाव उतरला. शेठजी बाबांशी पुढं दोन महिने कामापुरतंच बोलले. कामावरून काढलं मात्र नाही. जिनच्या फाटकावर बसवलं. तिथं बाबांनी उरलेली नोकरी काढली. रिकामा होत आलेला मेणाचा डबा आमच्या घरी राहिला आणि आईनं तो देवघराच्या पाटाला पुरवून पुरवून वापरला.

प्लायमाउथ हे नाव 2001 साली अमेरिकेतूनही गेलं. अँबॅसडरचं उत्पादन 2014 साली थांबलं. 2021 साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पहिल्या नोंदणीचे वीस हजार रुपये, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. त्याच वर्षी जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरणही आलं. म्हणजे आपली गाडी कुठं असेल तर या दोन्हींपैकी एका कागदावर असेल.

पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, तेव्हा मी आधी बॉनेटचं टोक पाहतो. जहाजं पुष्कळ दिसतात, आणि रंगावरून काही ठरत नाही, तो बदलला असेल. कुणाकडे गडद हिरवी, नाहीतर पूर्वी हिरवी असलेली 1950 ची प्लायमाउथ असेल, तर त्यांनी एकदा मागच्या डाव्या मडगार्डच्या आत हात घालून पाहावा. पत्रा अजून मूळचा असेल, तर जुन्या ऑइलच्या थराखाली, चाकाच्या कमानीला लागून, बोटांना खडबडीत लागेल.