अंड्याचा रंग आणि कोंबडीचे कूळ

बाजारात तपकिरी अंड्याला पांढऱ्यापेक्षा जास्त भाव असतो. ‘गावरान’ म्हणून आपण तो देतोही. पण कवचाच्या रंगावरून अंड्याचे पोषणमूल्य कळत नाही. कोंबडी मोकळी फिरते की पिंजऱ्यात असते, हेही कळत नाही. मग रंगावरून कळते तरी काय? कळते ते कोंबडीचे कूळ.

अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास ते अंडवाहिनीतील कवचग्रंथीत असते. तेथे त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कवच चढते आणि जातीनुसार रंग मिसळतो. मुख्य रंगद्रव्ये दोनच. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिनचा, तर निळा बिलिव्हर्डिनचा. मुका मार लागून काळेनिळे झालेले अंग पुढे हिरवट दिसते, ते याच बिलिव्हर्डिनमुळे.

तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरच्या थरावर बसतो. निळा मात्र कवचात आरपार मुरतो. वर्गात हे सहज पाहता येईल. तपकिरी अंडे फोडून कवच आतून पाहा. ते जवळजवळ पांढरे असते. दुसरे अंडे व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतील आणि तपकिरी थर सुटू लागेल.

इंग्लंड-अमेरिकेत घरामागे आठ-दहा कोंबड्या पाळणारे लोक टोपलीत रंगीबेरंगी अंडी यावीत म्हणून जाती निवडतात. पांढऱ्या अंड्यांसाठी लेगहॉर्न, तपकिरीसाठी ऱ्होड आयलंड रेड, गडद चॉकलेटीसाठी फ्रान्समधील मारान्स आणि निळ्यासाठी क्रीम लेगबार. प्रत्येकी दोन कोंबड्या घेतल्या तरी चार रंग मिळतात. खाद्य बदलून लेगहॉर्नचे अंडे तपकिरी होणार नाही. मारान्सचा गडदपणा मात्र हंगाम पुढे सरकतो तसा फिका होत जातो. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच तो ठेवावा लागतो. आणि खरी गंमत तेथूनच सुरू होते.

निळी अंडी घालणाऱ्या अरौकाना कोंबड्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या. ज्यांच्या नावाची ‘पुनेट चौकट’ आपण फळ्यावर काढतो, त्या रेजिनाल्ड पुनेट यांनी १९३३ साली दाखवले की निळा रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो. केंब्रिजमध्ये त्यांनी व मायकेल पीज यांनी घडवलेल्या लेगबार जातीत पुढे अरौकानाचे रक्त मिसळून क्रीम लेगबार तयार झाली. हिची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्याबरोबर लवेवरून नर-मादी ओळखता येतात. लहान कळपासाठी ही मोठीच सोय.

२०१३ साली या निळेपणाचे कारण उलगडले. फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरला आणि त्याच्या शेजारचे एक जनुक कवचग्रंथीत जोमाने काम करू लागले. चीनमधील निळ्या अंड्यांच्या जातींतही असाच तुकडा सापडला. पण तो स्वतंत्रपणे शिरलेला होता.

आता निळ्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला (नि-नि) कोंबडा आणि मारान्स कोंबडी (न-न) यांचा संकर करू. सर्व पिल्ले नि-न. त्यांतील माद्यांची अंडी आतून निळी, वरून तपकिरी. म्हणजे दिसायला शेवाळी हिरवी! पण या पिल्लांचा आपसांत संकर केला, तर पुढच्या पिढीत सरासरी पावभाग पिल्लांत निळा उरणार नाही. कोंबडा अंडे घालत नसल्याने त्याच्याकडे पाहून काहीच समजत नाही. लेकींची अंडी पाहूनच बापाची परीक्षा होते.

हेच गणित कधी जिवावर बेतते. काही अरौकाना कोंबड्यांच्या कानांपाशी पिसांचे झुबके असतात. हौशी लोकांना ते फार आवडतात. पण झुबक्याच्या जनुकाच्या दोन प्रती आल्या की पिल्लू अंड्यातच मरते. म्हणून दोन्ही पालक झुबकेदार निवडले, तर सरासरी चारांतील एक पिल्लू जन्मालाच येत नाही. जाणते पाळणारे झुबकेदाराची जोडी बिनझुबक्याशी लावतात.

विद्यार्थ्यांना ही चौकट काढायला सांगा आणि विचारा : अशा जोडीत पिल्ले का वाचतात? त्यांतील किती झुबकेदार निघतील?