पांढरी कावीळ, ‘ड’ जीवनसत्त्व आणि एक जनुक

मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. तरीही वाळूज औद्योगिक वसाहतीत पाळीभर छपराखाली यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले, तर डॉक्टरांना नवल वाटत नाही. गोळ्या लिहून दिल्या जातात आणि विषय संपतो. पण त्याच तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ आले, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘पांढरी कावीळ’ अर्थात हिपॅटायटिस बी निघाला, तर घरचे हादरतात. पुढे यकृताचा कर्करोग होईल का, ही धास्ती लागते. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे शोधताना शास्त्रज्ञ एका जनुकापर्यंत पोहोचले आहेत.

किल्ली आणि कुलूप

त्वचेवर ऊन पडले की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, पण ते लगेच कामाचे नसते. आधी यकृत आणि मग मूत्रपिंड त्यात बदल करते, तेव्हा ते कार्यक्षम होते. ही झाली किल्ली. पेशीतले कुलूप म्हणजे ‘व्हीडीआर’ हे प्रथिन. दोन्ही जुळली की अनेक जनुके चालू किंवा बंद होतात. पेशींच्या वाढीला आवर बसतो, दाह कमी होतो. यकृताच्या मुख्य पेशींत हे कुलूप फार थोडे असते. रोगप्रतिकारक पेशींत आणि यकृत कडक करणारे तंतू तयार करणाऱ्या पेशींत मात्र ते चांगले आढळते.

अडचण अशी, की प्रयोगशाळेत मोजले जाणारे ‘ड’ जीवनसत्त्व यकृतातूनच बदलून आलेले असते. यकृत खराब झाले की ते आपोआप घटते. मग कमी ‘ड’ हे आजाराचे कारण की परिणाम? रक्ततपासणी हे सांगू शकत नाही. आईवडिलांकडून आलेली जनुकाची घडण मात्र आजारामुळे बदलत नाही. म्हणून संशोधक तिच्याकडे वळले.

बाराव्या गुणसूत्रावरील व्हीडीआर जनुकात माणसामाणसांत आढळणारे चार फरक जास्त अभ्यासले गेले: फोक-वन, बीएसएम-वन, अपा-वन आणि टॅक-वन. यांपैकी केवळ फोक-वनमुळे प्रथिनाची लांबी बदलते. एका प्रकारात ते ४२७ अमिनो आम्लांचे, तर दुसऱ्यात ४२४ चे असते. आखूड प्रथिन थोडे अधिक तत्पर असते. २०१० मध्ये इटलीतील अभ्यासात सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये काही फरकांचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध दिसला, तोही दारूमुळे यकृत बिघडलेल्यांत अधिक. तैवानमध्ये हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत अपा-वनचा संबंध आढळला. मात्र हे अभ्यास लहान आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. त्यामुळे रुग्णाने पैसे खर्चून ही जनुकचाचणी करून घ्यावी, अशी स्थिती आज नाही.

गोळ्यांचे काय? अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व देण्यात आले. कर्करोग होण्याचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. कमतरता असेल तर गोळी जरूर घ्यावी, पण हाडांसाठी. विषाणूवरचा उपाय म्हणून नव्हे.

हातात काय आहे?

जनुक बदलता येत नाही; विषाणूचा बंदोबस्त करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, कारण डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात. आणि पिवळेपणा उतरला म्हणजे विषाणू गेला, असेही नाही. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, पण औषधाने दबून राहतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

सिरॉसिस झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायला हवी. हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो, म्हणून कोणाला ही तपासणी लागेल हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दारू बंद करावी. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा खाऊ नये. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष हिपॅटायटिस बीच्या जोडीने कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढवते.

सर्वांत भक्कम उपाय लसीचा. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. भारतात वोक्हार्टने २००० मध्ये ‘बायोव्हॅक-बी’ ही लस आणली. याच कंपनीचा बायोटेक पार्क वाळूजमध्ये आहे. आज सरकारी रुग्णालयात ही लस बाळाला मोफत मिळते. पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पडायला हवा. आई पॉझिटिव्ह असेल तर त्या २४ तासांचे मोल कोणत्याही जनुकाहून मोठे आहे.