आधी लेकरू, मग कागद

जून उजाडला की माजलगावात झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांग लागते. कॉलेजची पोरं, पीकविम्याचे कागद घेऊन आलेले शेतकरी, आणि मधेच कडेवर लेकरू घेतलेली एखादी आई. तिच्या पिशवीत रेशनकार्ड, नवऱ्याचं आधार, रहिवासी दाखला, लेकराचे फोटो. एवढं कशाला, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘अंगणवाडीत घालायचंय की!’

त्यातलं बरंचसं घरी ठेवलं तरी चालतं. अंगणवाडीला फी नाही, मुलाखत नाही, शेवटची तारीख नाही. जूनचीही वाट बघायला नको. आपल्या वस्तीला कोणती अंगणवाडी लागते ते विचारायचं, सेविकाताईंना भेटायचं आणि नाव घालायचं. ‘आमचं कार्ड केशरी आहे, आम्हाला नसतं मिळत’ हा तर निव्वळ गैरसमज. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्यासाठी कुटुंबांची वर्गवारी आहे, अंगणवाडीच्या आहारासाठी नाही. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक लेकराला तो मोफत आहे, घरात कार्ड कुठल्याही रंगाचं असो.

‘लेकराचं आधार काढून आणा, मग बघू’ असं सांगून माघारी पाठवल्याचं अजून कानावर येतं. केंद्राचा खुलासा मात्र स्पष्ट आहे. अंगणवाडीची नोंद जिथं होते त्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लेकराचं आधार सक्तीचं नाही, आईच्या आधारवर नोंद होते. आईचं आधार तेवढं जवळ ठेवा. तीन वर्षांखालच्या लेकराचं घरी न्यायचं आहाराचं पाकीट घेताना आता मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते.

जन्मदाखल्याचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात घोळ इथंच होतो. अंगणवाडीत नाव घालायला तो नसला म्हणून काही अडत नाही. उलट, शिक्षणहक्काच्या नियमांनुसार पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीच्या नोंदीवरचं वयही धरता येतं. म्हणजे ज्या दारात कागद मागतील म्हणून आपण बिचकतो, त्याच दारातून लेकराला कागद मिळतो! तरी दाखला काढायचा आळस नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा मुख्य पुरावा कायद्याने तोच ठरवला आहे. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, मूळ गावी नाही. लेकरू सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडावर जन्मलं असेल, तर नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात. 21 दिवसांत नोंदवलं तर विनाशुल्क; वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी हेलपाटे.

दुसरा मोठा समज, ‘तिथं काय, खिचडी खाऊन येतंय.’ अंगणवाडी हा शब्दच मुळात शिकवण्यातून आलेला आहे, आणि तो आपल्या मराठीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर 30 वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला. आज राज्याचा ‘आकार’ आणि केंद्राचा ‘आधारशिला’ असे अभ्यासक्रम अंगणवाडीसाठी आहेत. त्यांत वही-पेन्सिलीची घाई नाही. मणी ओवणं, बिया वेगळ्या करणं, गाणी, गोष्टी. चिमटीत मणी धरता आला की पुढं पेन्सिल धरता येते. चार वर्षांच्या लेकराकडून शंभरपर्यंत आकडे गिरवून घेणारी नर्सरी भारी वाटते, कारण तिथं पावती फाटते. एरवी त्या वयाला मणीच बरे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, त्यात अंगणवाडीची वर्षं मोजलेली आहेत. हे सगळं प्रत्येक ठिकाणी घडतंच असं मी म्हणणार नाही. रजिस्टरं, वजनं, ॲप यांत ताईंचा दिवस सरतो. म्हणून नाव घालण्याआधी अर्धा तास तिथं बसून बघा.

अंगणवाडीत गेलं की इंग्रजी शाळेतली शिक्षणहक्काच्या 25 टक्क्यांतली जागा जाते, हेही खोटं. त्या प्रवेशाला लेकरू आधी कुठं जात होतं याच्याशी देणंघेणं नाही.

राहिला उसाचा प्रश्न. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आजी-आजोबा थकलेले असतात, लेकरू सोबतच जातं. ‘आता नाव कटलं’ असं धरून आईबाप गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यातच लेकराचे पाच-सहा महिने जातात. नाव कटत नाही, ते दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करता येतं. निघण्याआधी ताईंना कारखाना आणि गाव सांगायचं, लसीकरणाचं कार्ड डब्यात टाकायचं, तिकडं पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत जाऊन सांगायचं. माजलगाव धरणाच्या पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला बाहेरच्या टोळ्या आपल्याकडेही उतरतात. त्यांच्या कोप्यांतल्या, म्हणजे फडावरच्या झोपड्यांतल्या, लेकरांचा इथल्या अंगणवाडीवर तेवढाच हक्क आहे. कोपी गावापासून दोन-तीन किलोमीटर आणि तोडणी पहाटेपासून, मग पोचवायचं कोणी, याला ॲपकडे उत्तर नाही. जिथं अंगणवाडीच नाही अशा वस्तीत किंवा तांड्यावर सहा वर्षांखालची 40 मुलं असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा आदेश आहे. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे करायचा.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळी परतली, की पहिल्याच आठवड्यात लेकराला घेऊन ताईंकडे जा आणि वजनकाट्यावर उभं करा. दिवाळीआधी किती भरलं होतं, तो आकडा त्यांच्या मोबाइलमध्ये असतो.