धोतर नेसलेला स्पायडरमॅन आणि गर्भगिरीचे नाथ

पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला तो २००४ साली. अंकल बेनचे भीमकाका झाले, आंट मेची मायाकाकू, मेरी जेनची मीरा जैन आणि नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. न्यूयॉर्क सोडून हा कोळी मुंबईवर जाळं फेकू लागला आणि लाल-निळ्या अंगरख्याखाली त्याने पांढरं धोतर नेसलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मार्व्हल कंपनीच्या संमतीने केलेली ‘स्पायडरमॅन इंडिया’ ही चार अंकांची मालिका भारतात गोथम एंटरटेनमेंट ग्रुपने काढली, पाठोपाठ ती अमेरिकेतही छापली गेली. वीस वर्षं उलटल्यावर ही मालिका पुन्हा वाचावी असं मला वाटतं. तिच्यात एक मोठी चूक आहे आणि एक फार मोठी गोष्ट आहे, आणि नगर जिल्ह्यातल्या वाचकाला त्या दोन्ही इतरांपेक्षा लवकर कळतील.

ओळखीचा नायक अनोळखी जगात टाकायचा, किंवा दोन नायक एकमेकांत मिसळून तिसराच घडवायचा, हा अमेरिकी कॉमिक्सचा जुना आवडता खेळ. ‘असं झालं असतं तर?’ हा प्रश्न घेऊन मार्व्हलने १९७७ पासून एक मालिकाच चालवली. १९८९ साली डीसी कंपनीने बॅटमॅनला एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या दिव्यांच्या शहरात नेऊन ठेवलं. २००३ मध्ये सुपरमॅनचं यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर पडलं आणि तो स्टालिनच्या राज्यात वाढला. पण या खेळाचा कळस झाला १९९६ मध्ये. वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्धी मार्व्हल आणि डीसी एकत्र आल्या, आपापले नायक त्यांनी एकमेकांसमोर झुंजीला उभे केले आणि त्यातल्या पाच झुंजींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. त्याच कथेतून ‘अमाल्गम’ नावाचं मिश्र विश्व निघालं. बॅटमॅन आणि वुल्व्हरिन मिळून डार्क क्लॉ. सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका मिळून सुपर सोल्जर. वंडर वुमन आणि स्टॉर्म मिळून ॲमेझॉन. पहिल्या वर्षी बारा अंक, पुढच्या वर्षी आणखी बारा. जणू ही कॉमिक्स कैक वर्षं निघत आहेत अशा थाटात वाचकांची पत्रंसुद्धा रचून छापली होती. हा तपशील मला सगळ्यांत आवडतो. खोट्या जगाला खोटा भूतकाळ देण्याचे कष्ट घेणारा माणूस वाचकाचा मान राखतो.

मार्व्हलने २०१८ मध्ये ‘इन्फिनिटी वॉर्प्स’ या नावाने हाच प्रयोग घरच्या घरी केला. कथेत अख्खं विश्व मधोमध दुमडलं जातं आणि दोन-दोन जीव एकात मिसळतात. कॅप्टन अमेरिका आणि डॉक्टर स्ट्रेंज मिळून सोल्जर सुप्रीम, आयर्न मॅन आणि थॉर मिळून आयर्न हॅमर, स्पायडरमॅन आणि मून नाईट मिळून अरॅकनाईट. शेवटची जोडी मला विचारपूर्वक जुळवलेली वाटते. मून नाईटच्या एका डोक्यात अनेक माणसं नांदतात, स्पायडरमॅनच्या मनात एकच अपराध कायमचा घर करून असतो. दोघं एक झाले की नवं दुःख तयार होतं. उलट, काही जोड्यांत नुसतं नाव आणि पोशाख शिवून दिलेला आहे. मुखपृष्ठ बघितलं की कथा संपते.

मग चांगली सरमिसळ ओळखायची कशी? माझी कसोटी मला गर्भगिरीच्या डोंगरात सापडली. नगर जिल्ह्यातून बीडकडे सरकणारी ही डोंगररांग नाथांची. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी, तिथून जवळच वृद्धेश्वर, रांगेच्या पलीकडच्या अंगाला मायंबाला मच्छिंद्रनाथ. या भागात श्रावणात घरोघर ‘नवनाथ भक्तिसार’ वाचला जातो. धुंडीसुत मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पुरा केलेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ. तो भक्तीचा ग्रंथ आहे, त्याला कॉमिक म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण वेगवेगळ्या कथांमधली पात्रं एकत्र आणायची कशी, याचं मराठीतलं मोठं शिक्षण त्या पोथीत आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

तिची मांडणीच बघा. भागवतातले नऊ नारायण कलियुगात नऊ नाथ होऊन येतात. कवी नारायण होतात मच्छिंद्र, हरी नारायण गोरक्ष, प्रबुद्ध नारायण कानिफ. प्रत्येकाचा जन्म निराळा आणि विलक्षण: मच्छिंद्र मासळीच्या पोटातून, गोरक्ष उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून, कानिफ हत्तीच्या कानातून. मग त्यांच्या वाटेत रामायणातली, पुराणातली दैवतं येतात. सेतुबंधाजवळ मच्छिंद्रनाथ आणि मारुती यांची गाठ पडते, चढाओढ होते, युद्ध जुंपतं. आता १९९६ च्या झुंजी आठवा. तिथे निकाल लागला, कथा पुढे सरकली आणि शेवटी सगळे आपापल्या घरी परत. पोथीत तसं होत नाही. मारुतीने स्त्रीराज्याच्या राणीला एक वचन दिलेलं असतं, ते निभावण्यासाठी मच्छिंद्रांना तिथे जावं लागतं, तिथे ते संसारात गुंततात आणि त्यांना सोडवायला गोरक्षाला यावं लागतं. परतताना गुरूच्या झोळीतली सोन्याची वीट शिष्य भिरकावून देतो आणि गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. त्याच डोंगरावर मग देव, सिद्ध, गंधर्व अशा सगळ्यांची पंगत बसते. एका भेटीतून पुढचे कितीतरी अध्याय निघाले. दोन जगं भिडल्यावर दोघांचंही काहीतरी कायमचं बदललं पाहिजे, ही ती कसोटी.

तिच्यावर ‘स्पायडरमॅन इंडिया’ घासून बघू.

पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला मुलगा. त्याच्या साध्या कपड्यांवरून शाळेतली पोरं त्याला छळतात, एकटी मीरा त्याच्याशी नीट बोलते. एकदा पोरं पाठीमागे लागलेली असताना त्याला एक वृद्ध योगी भेटतो आणि दुष्टांशी लढण्यासाठी कोळ्याचं बळ देतो. खलनायक ओबेरॉयच्या अंगात ताईतामुळे राक्षस संचारतो. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी रचलेल्या मूळ कथेत प्रयोग, किरणोत्सर्ग, प्रयोगशाळा होती. ती सगळी काढून लेखकांनी तिथे तपस्या आणि मंत्रशक्ती बसवली. भारताची कथा म्हणजे योगी आणि राक्षस, हा हिशेब फार झटपट केलेला आहे. धोतराचंही तेच. चित्रात जीवन कांग यांनी ते सुंदर फुलवलं आहे, उडीत त्याचे सोगे वाऱ्यावर पसरतात तेव्हा पान देखणं दिसतं. पण २००४ साली शेवगावहून किंवा पारनेरहून मुंबईला शिकायला गेलेल्या पोराच्या बॅगेत धोतर नव्हतं, ते त्याच्या आजोबांच्या अंगावर होतं. आडनावाच्या जागी ‘प्रभाकर’ हेही आमच्या कानाला वडिलांचं नाव वाटतं, पुढे काहीतरी राहून गेल्यासारखं.

तरी खरी चूक योगी आणणं ही नाही. योग्याने पवित्रला निवडलं, ही आहे. पीटर पार्करला कोणीही निवडलेलं नव्हतं. कोळी कोणालाही चावला असता. शक्ती चुकून पदरात पडली आणि जबाबदारी मात्र स्वतः उचलावी लागली, म्हणून तो साध्या माणसाचा नायक. निवडलेल्या मुलाला आधीच उत्तर मिळालेलं असतं. बरं, अपघात ही कल्पना भारतीय परंपरेला परकी आहे म्हणून असं केलं म्हणावं, तर तसंही नाही. पोथीतच गहिनीनाथांचा जन्म आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेले असतात. खेळणारी पोरं त्यांच्याकडे मातीची गाडी करून मागतात. ती त्यांना जमत नाही, मग पोरंच गाडी करतात आणि तिच्यावर बसवायला गाडीवान मागतात. तो ते करायला घेतात. हात मातीत, तोंडात मंत्र, आणि बाहुलं जिवंत होतं! गोरक्षाने ते ठरवलं नव्हतं, पोरांनीही तसं मागितलं नव्हतं. किरणोत्सर्गी कोळ्याला इतकं नेमकं मराठी उत्तर गर्भगिरीच्या पंचक्रोशीत दोनशे वर्षं वाचलं जातं आहे, आणि पवित्रच्या निर्मात्यांना ते मिळालं नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता ती मोठी गोष्ट. मूळ कथेत पीटर एका पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. मुंबईत हे बदललं आहे. गुंडांनी घेरलेल्या एका बाईची हाक पवित्रला ऐकू येते. नुकतं बळ मिळालेला हा मुलगा ती ऐकून निघून जातो. त्याच बाईला वाचवायला भीमकाका जातात, निःशस्त्र, कोणतीही शक्ती नसलेले, आणि मारले जातात. पीटरचा अपराध थोडा नशिबाच्या फेऱ्यासारखा वाटतो. चोर कुठे जाईल हे त्याला काय माहीत? पवित्रला सगळं माहीत होतं. रस्त्यात बाईला त्रास होत असताना मान खाली घालून पुढे जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि काकांनी जे केलं त्याला अंगात कोळ्याचं बळ लागत नव्हतं. इथे मुंबईने स्पायडरमॅनला जे दिलं ते न्यूयॉर्कने दिलं नव्हतं. या एका प्रसंगासाठी मी ही मालिका कोणाही मुला-मुलीच्या हातात देईन.

पवित्रला खरी प्रसिद्धी मिळाली ती २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटामुळे. तो आपल्याकडे मराठीसह दहा भाषांत लागला. त्यातलं मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं ‘मुंबॅटन’ एकावर एक चढलेलं, गर्दीने फुटणारं, रंगांनी भरलेलं शहर आहे. इथला पवित्र हसरा, सगळं सोपं वाटणारा. कथेचा नियम असा, की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचा एक पोलीस अधिकारी मरायचाच. पवित्रची मैत्रीण गायत्री, तिचे वडील इन्स्पेक्टर सिंग. दुसऱ्या विश्वातून आलेला स्पायडरमॅन माईल्स त्यांना वाचवतो, आणि नियम मोडल्यामुळे मुंबॅटनच फाटू लागतं. पाहुणा आला, चांगलं काम केलं आणि यजमानाचं जग धोक्यात आलं. मच्छिंद्र-मारुतीच्या भेटीसारखीच ही भेट परिणाम मागे ठेवते, म्हणून धोतर, केस आणि चहावरच्या विनोदांपलीकडे हा भाग लक्षात राहतो.

त्याच वर्षी ब्रिटिश लेखक निकेश शुक्ला यांनी पवित्रची नवी कॉमिक मालिका लिहिली, चित्रं अभिषेक मालसुनी यांची. म्हणजे पात्र जिवंत आहे, त्याच्या कथा पुढेही येतील. एखादी तरी कथा मराठी मुलाने किंवा मुलीने लिहावी, आणि लिहायला बसण्याआधी गहिनीनाथांचा अध्याय वाचावा. चुकून जिवंत झालेल्या त्या मातीच्या बाहुल्याचं पुढे काय झालं, तेही नीट पाहावं. गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना उपदेश दिला, निवृत्तीनाथांनी धाकट्या भावाला, आणि त्या भावाने शके १२१२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली.